परातीबाहेरचं बटण

माझ्या सासूबाई टाचा टेकवून चालत नाहीत. लग्न होऊन त्यांच्या घरात आले तेव्हा पहिल्याच सकाळी मला वाटलं, घरात चोर शिरलेत. सासूबाई चवड्यांवर, सासरे चवड्यांवर, नवरा तर अगदी मांजर. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. कपाटाचं दार लावताना दोन्ही हातांनी धरायचं. मी मोठ्या आवाजाच्या घरातून आलेली. आमच्याकडे कुजबुज पण शेजारच्या घरापर्यंत जायची. त्याच दिवशी माझ्या हातून लोखंडी तवा खाली पडला आणि सगळे जागच्या जागी थिजले. सासूबाईंनी आधी घड्याळात पाहिलं, मग जिन्याकडे तोंड करून म्हणाल्या, "आमची सून आहे हो. नवीन आहे." खाली तळघरात माणूस कोणी नव्हता. होतं ते एक यंत्र.

या यंत्राची गोष्ट सांगायची तर गावापासून सुरुवात करायला हवी. आमचं गाव एका जुन्या ज्वालामुखीच्या खड्ड्यात वसलंय. फार पूर्वी इथे डोंगर होता म्हणे. त्याच्या पोटातलं वितळलेलं सगळं एकदम बाहेर पडलं, पोट रिकामं झालं आणि डोंगर स्वतःच्याच पोटात खचला. शास्त्रज्ञ त्याला काल्डेरा म्हणतात, गाव त्याला कढई म्हणतं. चहूबाजूंनी कडे, मध्ये तळं, तळ्याच्या काठाने आमच्या गल्ल्या, दुकानं आणि बसचा थांबा. आपण कढईच्या तळाशी राहतो हे आम्ही पार विसरलो असतो, पण दर काही वर्षांनी जगभरचे ज्वालामुखीवाले कार्यशाळेसाठी इथे जमतात आणि आठवण करून देतात. त्या आठवड्यात हॉटेलवाले फार खूश असतात.

सासूबाई शिवणकाम करतात. गावातले निम्मे कोट त्यांच्या हातचे आणि उरलेले निम्मे त्यांनी दुरुस्त केलेले. सगळं गाव त्यांना ताई म्हणतं. त्यांचं दुकान पूर्वी आमच्या तळघरातच होतं. कातळात कोरलेली खोली, उन्हात गार, थंडीत ऊबदार, रस्त्याच्या बाजूने स्वतंत्र दार. या खोलीवर त्यांचा फार जीव होता. त्यांनीच एका दुपारी ती देऊन टाकली.

माझा नवरा तेव्हा शाळेत जायचा. वेधशाळेत एक तरुण शास्त्रज्ञ नवीन आला होता. दगडांचा डॉक्टर म्हणून सगळे त्याला डॉक्टरच म्हणत. त्या वर्षी जमीन सारखी थरथरत होती. डॉक्टरने गाव रिकामं करायला सांगितलं आणि गाव रिकामं झालं. माणसं कड्यापलीकडच्या शाळांमध्ये जमिनीवर झोपली, म्हातारे आजारी पडले, आणि डोंगराने काही म्हणजे काही केलं नाही. परत आले तर दुकानातला माल नासलेला, कुणाचं कुलूप फोडलेलं. राग काढायला डोंगर सापडत नाही, डॉक्टर सापडतो. त्याच्या खिडक्या फुटल्या. न्हावी त्याची दाढी करेना, कोणी त्याला खोली देईना. आणि त्याला तर गावाच्या मधोमध, पक्क्या कातळावर एक यंत्र बसवायचं होतं. दारोदार फिरला, सगळ्यांनी तोंडावर दार लावलं. आमच्या दारात आला तेव्हा त्याच्या कोटावर अंडं फुटलेलं होतं. सासूबाईंनी आधी तो कोट उतरवून घेतला आणि भिजत घातला. मग विचारलं, "बोल, काय हवंय?"

त्याला तळघर हवं होतं. जमीन केसभर जरी झुकली तरी त्या यंत्राला कळायचं. पण मग वरच्या माणसांची पावलंही कळायची, काही पडलं तर वेळ टिपून ठेवावी लागायची, आणि शिवणाची मशीन तर त्याला अजिबात चालणार नव्हती. सासूबाईंनी मशीन उचलली आणि समोरच्या गल्लीतल्या एका कोंदट खोलीत नेऊन ठेवली. पुढे इतकी वर्षं त्या तिथेच शिवत राहिल्या.

त्या दिवशी डॉक्टर पायरीवर बसून म्हणाला, "ताई, मी गावाला पुन्हा ओरडून सांगायची हिंमत करणार नाही. पण खरंच काही असलं तर सगळ्यांत आधी तुम्हाला सांगेन. आधी तुम्हाला, मग वरच्यांना."

"मला सांग म्हणजे झालं," सासूबाई म्हणाल्या. "गावाला मी सांगते. माझ्या खिडक्या फोडायला कोण येतंय बघू."

एवढाच करार. कागद नाही, साक्षीदार नाही. या शब्दावर आमचं घर इतकी वर्षं चवड्यांवर चाललं.

मी गमतीने म्हणायचे, मला सासवा दोन आहेत, एक वरची आणि एक तळघरातली, आणि खालची जास्त खाष्ट आहे. माझ्या मुलांनी घरात कधी दोरीवरच्या उड्या मारल्या नाहीत. कपडे धुण्याचं मशीन आणायचं म्हटलं की सासूबाई जिन्याकडे बघायच्या आणि विषय संपायचा. मी हाताने कपडे घासत त्या यंत्राला मनातल्या मनात काय काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. सासरे गेले तेव्हासुद्धा, त्यांना उचलून बाहेर नेणाऱ्यांना सासूबाईंनी हात जोडून सांगितलं, "पाय हळू टाका." स्वतः रडल्या त्याही तोंडात रुमाल कोंबून. पुढच्या आठवड्यात डॉक्टर आला आणि म्हणाला, "ताई, त्या दिवशीच्या आलेखात तुमच्या घरातलं काहीही उमटलेलं नाही." याच्यासारखं प्रशस्तिपत्र नाही अशा थाटात सासूबाई ते सगळ्यांना सांगायच्या. मला मात्र तेव्हाही ते ऐकून कसंतरी झालं होतं.

डॉक्टर वाईट नव्हता, हे सांगायला हवं. दर शनिवारी यंत्र बघायला यायचा, कॉफी प्यायचा, मुलांचा अभ्यास घ्यायचा. सासूबाईंना मोठी बहीण मानायचा आणि त्या त्याच्या कोटाचं अस्तर दोन-तीन वर्षांनी बदलून द्यायच्या, कारण त्याने लग्नच केलं नाही आणि कपड्यांकडे बघणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यानेच त्यांना परातीचा प्रयोग शिकवला. परातीच्या तळाशी रबराचा फुगा, त्याला नळी आणि हाताने दाबायचा पंप. वरून कोरडं पीठ सपाट पसरायचं. पंप दाबला की पीठ फुगतं, वर भेगा पडतात. हवा सोडली की मधला भाग गोल चिरत खाली बसतो. झाली कढई तयार. सासूबाईंनी त्यात स्वतःची भर घातली. पिठावर त्या साखरेचे चौकोनी खडे मांडायच्या, ही गावातली घरं. आणि एका खड्याच्या पायाशी एक काळं बटण ठेवायच्या. यंत्र बसवताना डॉक्टरच्या कोटाचं ते बटण तुटून तळघरात पडलं होतं. कोटाला त्यांनी नवीन लावलं आणि हे प्रयोगासाठी ठेवून घेतलं.

दर कार्यशाळेत एक दिवस शास्त्रज्ञांची बस आमच्या दारात यायची. मोठमोठी माणसं बूट काढून, मोज्यांवर, एकामागून एक तळघरात उतरायची आणि कुणाच्या मोज्याला कुठे भोक आहे हे सासूबाईंना आधी दिसायचं. लांबच्या देशातल्या एका मुलीचा मोजा त्यांनी तिथल्या तिथे रफू करून दिला. ती पुढे आमची भाषा शिकली, दर वेळी येऊ लागली. आम्ही तिला मोजेवालीच म्हणतो. आणि शेवटच्या दिवशी गावासाठी खुली सभा असायची. तिथे व्यासपीठावर सासूबाई परातीचा प्रयोग करायच्या. बोलणं ठरलेलं. "हा आमचा गाव. हे माझं घर. आणि हा आमचा राखणदार." असं म्हणून बटण ठेवायचं. "हा खाली जागा आहे, म्हणून मी वर निवांत झोपते." मग टाळ्या. डॉक्टर सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवायचा.

गेल्या वर्षी घरातली दारं अडकू लागली. आधी स्वयंपाकघराचं, मग न्हाणीघराचं. सासूबाईंनी सुताराला बोलावलं. त्याने रंधा मारून कडा काढल्या. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. सुतार म्हणाला, "ताई, दार सरळ आहे. चौकटच मला तिरकी वाटते." मागच्या आवारातल्या झऱ्याचं पाणी कोमट लागू लागलं. मी म्हटलं, "आई, डॉक्टरांना विचारा ना." सासूबाई हसल्या. "विचारायचं काय त्यात? काही असतं तर तो धावत आला नसता?"

तरी शनिवारी मीच विषय काढला. डॉक्टरने दाराच्या कडेवरून हात फिरवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "हवा दमट आहे यंदा. लाकूड फुगलंय."

"बघ," सासूबाई म्हणाल्या आणि त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

मग कार्यशाळेच्या आदल्या महिन्यात तो दोन माणसं घेऊन आला. यंत्र दुरुस्तीला न्यायचंय म्हणाला. गादीत गुंडाळून, लेकराला न्यावं तसं त्यांनी ते जिन्यावरून वर आणलं. सासूबाई पुढे पुढे दारं धरत होत्या. "सांभाळून, कोपरा लागेल," म्हणत होत्या. ते गाडीत ठेवल्यावर डॉक्टर परत आत आला, उंबऱ्यात उभा राहिला, काहीतरी बोलेल असं वाटलं. "कॉफी घेतोस?" त्यांनी विचारलं. "नको ताई," म्हणाला आणि गेला.

मला विचाराल तर त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं होतं. आठवड्याच्या आत मी धुण्याचं मशीन आणलं आणि मुलांना सांगितलं, मारा उड्या! मुलांना उड्याच मारता येईनात, सवय नाही. सासूबाई मात्र रोज खाली जाऊन तो रिकामा चौथरा पुसून यायच्या. राखणदार दुरुस्त होऊन आला की त्याला धूळ नको म्हणून.

कार्यशाळा लागली. या वेळी बस आमच्या दारात आली नाही. यंत्रच नाही तर येणार कशाला, असं आम्ही म्हटलं. शेवटच्या दिवशी खुली सभा होती. सासूबाई परात, पीठ आणि बटणाची डबी घेऊन निघाल्या. मी पंप आणि नळी सांभाळत मागे. सभागृहाच्या मागच्या खोलीत चहापान चाललं होतं. मोजेवालीने लांबूनच हात हलवला, धावत आली आणि सासूबाईंना मिठी मारली.

"तुम्हाला बघून किती बरं वाटलं! मला काळजी वाटत होती. आता कुठे राहता?"

"कुठे म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "घरी."

"नवीन घरी?"

"नवीन कुठलं? तेच. तुझा मोजा शिवला ते."

मोजेवालीचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आजूबाजूला, मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण यंत्र तर हलवलं ना? कड्याच्या पलीकडे. तिथे सुरक्षित राहील म्हणून. जमीन इतकी उचललीय... मला वाटलं, तुम्हाला त्याच्या आधीच..." पुढचं तिने गिळलं. "माफ करा. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

मुलं घरी होती. सासूबाईंनी तिच्या गालावर हात ठेवला. "तू कशाला माफी मागतेस?" म्हणाल्या आणि परात माझ्या हातात देऊन डॉक्टरकडे गेल्या. तो खिडकीपाशी कागद चाळत एकटाच उभा होता. आता केस पिकलेत त्याचे. अंगात त्यांनीच शिवलेला कोट.

"यंत्र दुरुस्तीला आहे?"

त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. "नाही ताई."

"आणि लाकूड? ते फुगलं होतं?"

"नाही." मग भडाभडा बोलू लागला. वेधशाळेच्या समितीत सगळ्यांनी सही केलीय, जाहीर होईपर्यंत बाहेर एक शब्द काढायचा नाही. हा नियम त्याच्याच त्या जुन्या घोषणेमुळे झालाय. अजून खात्री नाही, आणखी थोडी निरीक्षणं हवीत. "पुन्हा खोटं ठरलं ताई, तर पुढे कधी कोणी ऐकणारच नाही. मी तुम्हाला सांगणार होतो. दर शनिवारी ठरवून यायचो."

"खात्री नव्हती, तर यंत्र का हलवलंस?"

त्याने हातातले कागद खिडकीत ठेवले. मग अगदी हळू म्हणाला, "ते एकच आहे ताई. गेलं तर पुन्हा मिळणार नाही."

सासूबाई थोड्या हसल्या. तसं हसणं मी त्यांच्या तोंडावर आधी कधी पाहिलं नव्हतं. "बरोबर आहे. माझ्यासारख्या काय, गल्लीत दहा मिळतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी म्हटलं, "आई, चला घरी. मुलांना घेऊ आणि निघू." त्या म्हणाल्या, "तू हो पुढे, मुलांना घे. मी गावाला सांगते म्हणाले होते." पण त्यांना एकटं सोडून माझा पाय निघेना. मी नवऱ्याला फोन करून मुलांना कड्यापलीकडे न्यायला सांगितलं आणि परात घेऊन त्यांच्यामागे गेले.

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत पाहुणे, मागे आमचं गाव. न्हावी, बेकरीवाला, शाळेच्या बाई, सुतार. व्यासपीठावर डॉक्टर अध्यक्षांच्या शेजारी बसलेला. सासूबाईंनी पीठ पसरलं, हाताने सपाट केलं. साखरेचे खडे मांडले.

"हा आमचा गाव. हे माझं घर. आणि हा आमचा राखणदार."

बटण ठेवलं आणि मला खूण केली. मी पंप दाबू लागले. पीठ फुगलं, भेगा पडल्या, खडे कलले. लोकांना सगळं पाठ होतं, टाळ्यांसाठी हात तयार होते. सासूबाईंनी मला थांबवलं. दोन बोटांनी बटण उचललं, रुमालाने पुसलं आणि परातीच्या बाहेर, डॉक्टरच्या समोर टेबलावर ठेवलं.

"राखणदाराला मागच्या महिन्यात हलवलं," त्या म्हणाल्या. "जपून, गादीत गुंडाळून. मीच दारं धरली. घरं आहेत तिथेच आहेत."

आणि नळीतली हवा स्वतः सोडली. पीठ गोल चिरत खाली गेलं. सगळे खडे आत.

मग मागून सुतार उभा राहिला. "ताई, तुमची दारं..."

"तू म्हणालास तेच खरं होतं रे," त्या म्हणाल्या. "चौकटच तिरकी झाली होती. मी तुझं ऐकलं नाही. मी यांचं ऐकलं." आणि डॉक्टरकडे बोट दाखवलं. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटला.

त्याच संध्याकाळी समितीने गाव रिकामं करायचं जाहीर केलं. तोवर अर्धं गाव निघालं होतं. या वेळी कोणी खिडक्या फोडल्या नाहीत, वेळच नव्हता. आता आम्ही कड्यापलीकडच्या शहरात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो. जमीन अजून फुगतेच आहे म्हणतात. खचेल की नाही, कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तरी सासूबाई ऐकत नाहीत. बातम्या लागल्या की त्या शिवण घेऊन आतल्या खोलीत जातात. एकदाच म्हणाल्या, "परक्याने लपवलं असतं तर मी भांडले असते गं. यांच्या शब्दावर मी निवांत झोपायचे." त्यांच्या जिवाला घर सोडल्याचं लागलेलं नाही. केसाने गळा कापला, तो आपल्या माणसाने, याचं लागलंय.

मी कितीदा सांगितलं, "आई, खाली कातळ नाही, यंत्र नाही. आपटा हवे तेवढे पाय." त्या म्हणतात, "सवय आहे." आणि चवड्यांवर स्वयंपाकघरात जातात.

परवा दारावर थाप पडली. मी छिद्रातून पाहिलं तर डॉक्टर. वाळलेला, कोटाची एक शिवण उसवलेली. त्याने बाहेरूनच हाक मारली, "ताई, बटण आणलंय. तेवढं घ्या." हात पुढे केलेला, तळहातावर ते काळं बटण.

सासूबाई आतून उठल्या. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्या टाचा आपटत आल्या. धाड, धाड, धाड. फरशी हादरली, कपाटातले कप वाजले, खालच्या मजल्यावरच्या बाईने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. दाराबाहेर त्याला प्रत्येक पाऊल ऐकू गेलं असणार. त्याच्याइतकं ते पाऊल कोण ओळखणार? त्या दारापर्यंत आल्या, हात वर केला, मला वाटलं उघडतायत. त्यांनी वरची कडी लावली.

तो बराच वेळ उभा होता. मग जिन्यावरून उतरत गेल्याचा आवाज आला. सासूबाई दाराला पाठ लावून ते पूर्ण थांबेपर्यंत ऐकत राहिल्या. मग परत आत गेल्या, आणि जाताना पुन्हा टाचा उचलूनच गेल्या.